धानाच्या खोलीतली दोरी

टप्प.

दुपारचं घर अगदी निवांत होतं. बाळ पिऊन झोपलं होतं, सासूबाई मागच्या अंगणात ओव्याचं पाणी गाळत होत्या, आणि मी बाजेवर नुसती कूस बदलली, तेवढ्यात कोपऱ्यातून हा आवाज आला. मला वाटलं, आढ्यावरून पाल पडली. मान वळवून पाहिलं तर भिंतीला टेकवलेलं सूप हलत होतं, आणि त्याच्यासमोर टोपलीतून वीतभर मान वर काढून दोरी उभी होती. गळा फुगवलेला. घशातून बारीक घुरघुर येत होती, मांजरीची असते तशी. पण मांजरीच्या घुरघुरीत जी मर्जी असते, ती हिच्यात नव्हती.

दोरी म्हणजे आमची धामण.

माझी थोरली दामिनी नुकती बोलायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. तिच्या बाबांनी अंगणातल्या तणसाच्या ढिगात दाताळं घातलं आणि खाली सापाची पिल्लं निघाली. बाकीची सुळकन पळाली. एकीच्या शेपटीवर दाताळ्याचा दात बसला आणि शेंडा तुटला. दामिनीचे बाबा, देवानंद, तसे कडक माणूस. पण ते पिल्लू त्यांनी करवंटीत घालून घरात आणलं आणि शेपटीला हळद लावली. दामिनीने वाकून पाहिलं आणि ओरडली, "बाबा, दोरी हालते!" तेच नाव राहिलं.

पुढे दोरी धानाच्या खोलीत राहू लागली. कणगीखालचे उंदीर तिचे, कणगीतलं धान आमचं. खोलीच्या दाराशी जर्मनची जुनी परात पाण्याने भरलेली असायची. तिच्यात ती तासन् तास पडून राहायची. दामिनी शाळेतून आली की दोरी तिच्या मनगटाला वेढा घालून बसायची. गोंडपिपरीच्या बाजारातून सोयरेधायरे आले की आधी ओरडायचे, मग हळूच एक बोट लावून पाहायचे. तिने कधी कोणाला तोंड लावलं नव्हतं. आणि आज सुपाला धडक?

"काऊन वो कुंता, काय पडलं?" मागून आवाज आला. सासूबाईंना मी मामी म्हणते. त्यांचं नाव गुणाबाई.

"पडलं नाई मामी. दोरीनं सुपाले टक्कर देल्ली."

"दोरीनं? हट! ते त मुंगीलेबी भेते."

मला मात्र त्या आवाजाने झोप लागली नाही. मी बसून पाहत राहिले. दोरी हळूहळू खाली गेली, तणसात डोकं खुपसून पडली. मग तोंड टोपलीच्या काठाला घासू लागली. एकदा इकडून, एकदा तिकडून.

दोरी माझ्या खोलीत कशी आली, तेही सांगायला हवं. पौषात बाळ झालं, घरीच. मामींनी मधल्या खोलीची बाळंतिणीची खोली केली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वरून ओवा, लसणाची सालं. खिडकीला पोतं. आणि ओल म्हणून कुठे नाही. मामींचा तो कायदाच आहे: बाळंतिणीच्या खोलीत ओल नको. पाण्याचा गडू बाहेर, ओलं फडकं बाहेर, माझे केससुद्धा शेगडीवर वाळवल्याशिवाय आत यायचं नाही. त्या पौषात थंडी अशी पडली की सकाळी परातीवरून वाफ निघायची. मामींना दोरीची दया आली. "धानाची खोली गार पडली. तेबी पडन इथी शेकत," म्हणत त्यांनी टोपलीच उचलून आणली आणि बाजेच्या पायथ्याशी ठेवली. परात अर्थातच आणली नाही.

शेजारचे लटारूभाऊ दारातूनच हसले होते. "गुणाबाईच्या घरी यंदा दोन बाळंतिणी. एक मेथीचे लाडू खाते, दुसरी उंदीर!"

त्या दिवशी संध्याकाळी दामिनी शाळेतून आली. पाटी भिंतीला लावली, फ्रॉकला हात पुसला आणि रोजच्यासारखा टोपलीत घातला. मी "थांब" म्हणायच्या आत दोरीने झेप घेतली. दामिनीच्या पंजावर, अंगठ्याच्या वर, टाचणीने टोचल्यासारखे रक्ताचे थेंब उभे राहिले. धामणीला विष नसतं हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे, आणि दुखलंही फारसं नसावं. दामिनी हाताकडे बघत राहिली.

"माय, तिनं मलेच?"

मामी धावत आल्या. हळद आली, फडकं आलं, आणि बाळाला उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवलं गेलं, टोपलीपासून लांब. टोपलीवर सूप झाकलं, सुपावर पाटा ठेवला.

"आज पोट्टीचा हात, उद्या बाळाचा गाल," मामी म्हणाल्या. "पुरे झालं. लटारूची बैलबंडी जत्रेले जाते ना, तिच्यातच टाका. नदीच्या अल्लीकडं झुडपं हायेत, तिथी सोडून देईन."

मार्कंड्याची जत्रा आठवड्यावर आली होती. दामिनीच्या बाबांनी एकदा तिच्या हाताकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि मान हलवली. म्हणजे ठरलं.

दामिनी माझ्या कुशीत शिरली. "तिले जंगलात कोणीच वळखत नाई माय. शेपटी बी नाई पुरी. घार उचलून नेईन."

एका कुशीत ती, दुसरीत बाळ. मलाही दोरी हवी होती. आणि मलाही त्या झेपेसरशी बाळाच्या गालाचा विचार आला होता, मामींनी बोलून दाखवायच्या आधीच.

घरात मग जो येईल तो कारण सांगू लागला. मामींचं म्हणणं, दोरी जळते. "आतापावतर घरातलं लहान तेच होती. आता नवीन आलं." लटारूभाऊंचं वेगळं. ते चौकटीला पाठ टेकून बिडी पेटवू लागले तर मामींनी त्यांना अंगणात हाकललं, तिथून ते मोठ्याने सांगत होते, "धामण म्हंजे नागाची बायको वो वहिनी! माघ लागला का तिले नवऱ्याची आठवण येते. तुमी तिले धानाच्या खोलीत बिनालग्नाची ठेवली, चिडन नाई त काय करन?"

"तुमची बायको माघात चावते का तुमाले?" मामींनी विचारलं.

"ते त बाराही महिने चावते!"

दामिनीच्या बाबांना वाटलं, भूक. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंजऱ्यात सापडलेला उंदीर आणला आणि सूप काढून टोपलीत सोडला. दोरी एरवी उंदराला काय करते ते मी पाहिलेलं आहे. दोरा सुईत जातो तशी जाते ती. आज तिने झेप घेतली आणि टोपलीच्या बांबूवर तोंड आपटलं. पुन्हा घेतली, उंदराच्या वीतभर मागे पडली. उंदीर काठावर चढला आणि दामिनीच्या बाबांच्या पायावरून दाराबाहेर गेला.

"निशाणा चुकला आज तिचा," ते म्हणाले आणि उंदराच्या मागे पळाले.

मी मात्र ते वाक्य धरून बसले. निशाणा चुकला. का चुकावा?

बाळंतीण बाईला खोलीबाहेर जाता येत नाही. पुस्तक वाचलं की डोळे जातात म्हणतात, सुईदोरा हाती देत नाहीत. तिच्याजवळ एक बाळ असतं आणि समोर एक भिंत. माझ्यासमोर भिंतीच्या ऐवजी दोरी होती, एवढंच. बाळ प्यायला लागलं की मी तिच्याकडे बघायची. मामी नसताना पायाच्या अंगठ्याने सूप थोडं सरकवायची.

बघता बघता काही गोष्टी लक्षात आल्या. बाळ कितीही रडलं तरी ती हलत नसे. म्हणजे जळण्याची गोष्ट खोटी. मी हात हळूहळू नेला तर अगदी जवळ जाईपर्यंत ती गप्प असायची, आणि मग एकदम दचकून फुगायची. पण दारातून कोणी आलं, उजेड अडला, अंगावर सावली पडली, की झेप. मामी दणदण चालतात. त्यांचं पाऊल वाजलं की झेप, कुठल्याही दिशेला, रिकाम्या हवेत. पहिल्या दुपारी मी कूस बदलली तेव्हा माझीच सावली सुपावर गेली असणार. ती कोणाला चावत नव्हती. ती काहीतरी येतंय एवढ्याला चावत होती.

माझे वडील शेवटी शेवटी तसेच झाले होते. आवाज न करता जवळ गेलं तर काठी उगारायचे, आणि मग "कोण, कुंता का?" म्हणून हसायचे. ते आठवलं आणि मी सुपाच्या फटीतून दोरीच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोरीचे डोळे म्हणजे काळेभोर, भोवती सोनेरी कडी. आता तिथे चुन्याच्या निवळीसारखं काहीतरी होतं. पांढुरकं, सुरकुतलेलं.

मोतीबिंदू? एवढ्याशा वयात?

उत्तर दामिनीने आणलं, तिला माहीत नसताना. मामींची एक रीत आहे. दोरीने कात टाकली की ती कणगीत धानावर ठेवायची. धान पुरतं म्हणे. दरवर्षी कात सलग निघायची, तोंडापासून तुटक्या शेपटीपर्यंत, पायमोजा उलटा काढावा तशी. यंदा शेगडीजवळ नुसते तुकडे पडलेले. मामी ते केरातून वेचताना कुरकुरल्या होत्या, "यंदा धान पुरत नाई दिसते." दामिनीने ते तुकडे मागून घेतले आणि माझ्या बाजेवर बसून जोडायला लागली. बाजूला नमुना म्हणून कणगीतली गेल्या वर्षीची अख्खी कात.

"माय, हे तोंड वो. पण याले डोळ्याच्या जागी भोकं हायेत."

"सगळ्यांलेच असते भोकं."

"नाई. मागच्या साली काच होती. पाह्य."

मी जुनी कात उजेडासमोर धरली. खरंच. डोळ्यांच्या जागी दोन बारीक गोल काचा, आजोबांच्या चष्म्यासारख्या, आरपार दिसेल अशा. यंदाच्या तोंडाच्या तुकड्यात दोन रिकामी भोकं.

मग त्या काचा कुठे होत्या?

मी बसल्या जागी हसलेच बहुतेक, कारण दामिनी "काय झालं, काय झालं" करू लागली. दोरीच्या अंगावरची कात निघाली होती, डोळ्यांवरची निघालीच नव्हती. जुना, वाळलेला, पांढरा पडलेला चष्मा घालून बिचारी बसली होती आणि आम्ही तिच्यावर सावल्या टाकत होतो.

पण का नाही निघाली? याचं उत्तर शोधायला मला उठावं लागलं नाही. माझे ओठ फुटलेले होते. बाळाच्या घोट्याची सालं निघत होती. शेगडीने खोली पापडासारखी वाळली होती. आणि दोरी कात टाकायच्या आधी दिवस दिवस परातीत पडून राहायची. ती परात या खोलीत नव्हती. ओल नको म्हणून.

दामिनीचे बाबा दुपारी जेवायला आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते उत्साहाने टोपलीजवळ बसले. "मंग नखानं काढून टाकू. दोन मिनिटाचं काम."

"हात नोका लावू!" मी एवढ्याने ओरडले की बाळ जागं झालं. "बाळाच्या टाळूवर खपली हाये, ते मामी ओढून काढते का? तेल जिरवते, भिजवते, मंग आपोआप सुटते. खाली कातडं कोवळं असते."

"मंग भिजवा."

भिजवा म्हणणं सोपं. ओलं पोतं लागणार होतं, आणि ओलं पोतं या घरात मामींना विचारल्याशिवाय ठेवता येत नाही. मामी चुलीजवळ होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नव्या-जुन्या काती हातात घेतल्या, डोळ्यांजवळ नेल्या, लांब नेल्या.

"म्हंजे म्याच केलं," त्या म्हणाल्या.

"तसं नाई मामी."

"तसंच हाये. मी म्हटलं, थंडीत कुडकुडते, शेक देवाव. तुले देल्ला तसा तिले देल्ला." त्यांनी काती मांडीवर ठेवल्या. "बाईले मानवते ते तिले मानवत नाई, हे कोण सांगन मले? ते त बोलत नाई."

मग त्या उठल्या. मी ओल्या पोत्याबद्दल वाद घालायच्या तयारीत होते, पण त्यांनी टोपलीच उचलली, सुपासकट, छातीशी धरून, आतल्या घुरघुरीकडे लक्ष न देता. न्हाणीच्या बाजूला, रांजणाच्या सावलीत नेऊन ठेवली. पोतं कोमट पाण्यात बुडवून पिळलं, आत पसरलं. दोरीने पोत्यावर झेपा घेतल्या, तिच्या अंगावर पाणी उडालं, आणि मग ती ओल्या घड्यांमध्ये शिरली आणि दिसेनाशी झाली. मामी संध्याकाळपर्यंत तिथेच. पोतं सुकायला लागलं की हाताने शिंपडायच्या. मी उंबऱ्याच्या आत बसून बघत होते. त्या तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या. बाळंतिणीचं अंग चोळताना माझ्याशी बोलतात तसंच.

दोन दिवस असे गेले. दामिनीला पोतं उचलून बघायची बंदी होती. ती जमिनीला कान लावून पडून राहायची.

जत्रेच्या सकाळी लटारूभाऊंनी बंडी दारात उभी केली. बैलांच्या शिंगांना रंग, मागे त्यांची बायको आणि शेजारच्या दोन बायका. "कुठी हाये नवरी? आना, सासरी पोचवतो!"

मामींनी सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि पोत्याची घडी उलगडली. पोत्याच्या धाग्यांत दोन बारीक टरफलं अडकली होती, मोहरीच्या सालीएवढी. दामिनीने ती बोटावर उचलली आणि श्वास रोखून माझ्याकडे आणली. आणि खाली दोरी. डोळे काळेभोर, सोनेरी कडीसकट, धुऊन ठेवल्यासारखे. तिने मान उचलली. एकदा मामींकडे, एकदा रंगीत शिंगांकडे. जीभ आत-बाहेर.

लटारूभाऊंनी चाबकाची काठी पुढे केली. काही नाही. पाय आपटला. ती थोडी मागे सरली, एवढंच. मग दामिनीचे बाबा पुढे झाले आणि सावकाश हात पुढे केला. दोरी हातावर चढली, मनगटाला वेढा घातला आणि मान त्यांच्या बाहीत घातली.

"घ्या!" लटारूभाऊ म्हणाले. "मोडलं लगन."

मी समजत होते की आता प्रश्न सुटला. पण मामींनी माझ्याकडे वळून विचारलं, "तू सांग कुंता. लेकरू तुह्या कुशीत हाये. ठेवाची का पाठवाची?"

कोडं सोडवताना मला फार मजा आली होती. आणि आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि बाळ माझा पदर चोखत होतं. तिची चूक नव्हती, हे मीच सिद्ध केलं होतं. पण चूक नसतानाही ती चावली होती, हेही खरंच होतं. तिला पुन्हा कधी काय दिसेनासं होईल, आणि तेव्हा मी खोलीत असेन की नाही, कोण सांगणार? दामिनी माझ्याकडे बघत नव्हती. पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती, आणि फडकं बांधलेला हात पाठीमागे लपवलेला.

"राहू द्या," मी म्हटलं. "पण धानाच्या खोलीत. बाळ चालाले लागेपावतर या खोलीत नाई. दाराले कडी. आणि परात भरलेली पाह्यजे, थंडी असो का काई असो."

"परात म्या भरीन," मामी म्हणाल्या.

बंडी गेली. लटारूभाऊंची बायको वळून वळून हात हलवत होती. दामिनीचे बाबा शेतात गेले. मामींनी परात घासली, भरली आणि धानाच्या खोलीत दाराशी ठेवली. दोरी पाण्यात उतरली, सगळं अंग बुडवून, फक्त नाकपुड्या आणि ते दोन डोळे वर.

मी बाळाला मांडीवर घेऊन माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी बसले. दामिनी धानाच्या खोलीच्या उंबऱ्यावर हनुवटी ठेवून पालथी पडली होती, पाय हवेत. बराच वेळ ती आणि दोरी एकमेकींकडे बघत होत्या. हाताचं फडकं तिने केव्हाच सोडून टाकलं होतं; टोचल्याच्या खुणांवर बारीक खपल्या धरल्या होत्या.

"माय."

"काय?"

"ती पह्यले कधीच चावत नव्हती ना?"

"नाई."

"मंग ते आपण तिचे होतो म्हून चावत नव्हती, का नुसतं दिसत होतं म्हून?"